पीटरचं घर
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक घर पाहिलं. त्याविषयी थोडं बोलतो.

पीटर क्लासेन हा मुलगा १६३७ साली करारावर शेतमजूर म्हणून तिकडे गेला. मुदत संपली, लग्न झालं, आणि साधारण १६५२ मध्ये हे घर उभं राहिलं. सुरुवातीला एकच खोली, मातीची जमीन आणि मोठी चूल. पुढे इंग्रजी अंमल आल्यावर त्याने वायकॉफ हे आडनाव घेतलं. वंशज १९०१ पर्यंत तिथेच नांदले. मग घर विकलं गेलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. वंशजांनी संस्था काढली आणि १९६१ मध्ये ते घर परत विकत घेतलं! १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराने जपायच्या वास्तू जाहीर केल्या, त्यात पहिला मान या घराला मिळाला. पुढे ते शहराच्या हवाली केलं, आज तिथे संग्रहालय आहे. ही जमीन आधी लेनापी लोकांची होती आणि या शेतावर गुलाम राबले, हेही तिथे सांगतात. झाकून ठेवत नाहीत.

तिथून निघताना नात म्हणाली, "आजोबा, तुमचं जुनं घर कधी दाखवणार?"

मंडळी, वाईचा आमचा वाडा १९९४ साली विकला. मी बँकेतला, म्हणून सगळी कागदपत्रं मीच केली. भाव चांगला आला, भावांचे हिस्से चोख वाटले. पण वाड्याचा एक फोटोसुद्धा कोणी काढून ठेवला नाही. नातीला काय दाखवू?

आता आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा आहे. माझा विरोध नाही. लिफ्ट मलाही हवी आहे! पण गेल्या महिन्यात पंपाच्या खोलीत आपली पहिली इतिवृत्त-वही सापडली. निम्म्या पानांना वाळवी लागली होती. उरलेली मी घरी आणून उन्हात वाळवली. थकबाकीसाठी एका सभासदाचं पाणी तोडल्याचा ठराव त्यात आहे. त्याखाली खजिनदार म्हणून सही माझी आहे. ते पानही मी ठेवलं आहे.

एवढीच विनंती : नव्या इमारतीच्या आराखड्यात एका कपाटापुरती जागा धरा. आणि पाडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराचा एक फोटो काढून द्या.