कलकत्त्यातील एक आयरिश रसायनशास्त्रज्ञ

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



१९९४ च्या पावसाळ्यात आमच्या येथील बिऱ्हाडी तार आली. ‘आई अत्यवस्थ, निघा.’ तार म्हटली की ती वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू व्हावी, अशी आपली रीत. आम्ही ती खिशात घालून हावड्यास गीतांजली गाठली, आणि आईची भेट झाली. त्या तारेचा मूळपुरुष याच शहरात रसायनशास्त्र शिकवीत होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

त्याचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी. जन्म १८०९, आयर्लंडमधील लिमरिक गावचा. एडिंबरोस वैद्यकीची पदवी घेऊन १८३३ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि १८३५ साली निघालेल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. १८३९ मध्ये त्याने बोटॅनिकल गार्डनजवळ बांबूंवरून एकवीस मैल लांबीची तार ताणून तीतून संदेश धाडले. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार निघावयास अजून पाच वर्षे होती! सरकारने मात्र दहा वर्षे दखल घेतली नाही. फायलीची ती चाल आम्हांस अपरिचित नाही.

पुढे डलहौसीच्या पाठिंब्याने १८५१ मध्ये डायमंड हार्बरपर्यंतची तार सुरू झाली. या कामी शिवचंद्र नंदी हा बंगाली साहाय्यक त्याचा उजवा हात होता. पद्मेच्या पात्रात तार टाकताना याच नंदींनी कोळ्यांच्या होड्या कामास लावल्या. माकडे लोंबकळली तरी तुटू नये म्हणून ओशॉनेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश आला आणि १८५५ च्या फेब्रुवारीत मुंबई-मद्रासपर्यंतची तार सर्वांस खुली झाली. मुंबई आणि कलकत्ता हे असे जोडले गेले. याच तारेने १८५७ साली इंग्रजांचे राज्य सावरण्यास हातभार लावला, हेही आम्हांस विसरता येत नाही. २०१३ च्या जुलैत ही सेवा बंद झाली.

परंतु आमच्या मते त्याचे खरे मोठे काम तारेचे नव्हे. १८३१ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ शिरली, तेव्हा हा बावीस वर्षांचा तरुण संडरलँडकडे गेला आणि रोग्यांचे रक्त त्याने तपासले. त्यातील पाणी आणि क्षार निघून जातात, रक्त घट्ट होते, असे त्यास आढळले. तेव्हा गेले ते परत घालावे, असे त्याने सांगितले. १८३२ मध्ये लीथच्या डॉ. लाटा यांनी रोग्यांच्या शिरांत खारे पाणी सोडले आणि मरणोन्मुख माणसे उठून बसली. साथ ओसरली, तसा तो उपायही मागे पडला. पुढील कित्येक दशके वैद्य रोग्यांचे रक्त काढीत राहिले, जुलाब देत राहिले. त्या काळात आपल्याकडे किती घरे ओस पडली असतील!

स्वतः ओशॉनेसी येथे भांग-गांजाच्या गुणांकडे वळला. पंडित मधुसूदन गुप्तांसारख्यांकडून जुन्या ग्रंथांतील माहिती घेऊन, आधी जनावरांवर प्रयोग करून, १८३९ मध्ये त्याने धनुर्वातावरील उपयोग मांडला. बरे करणे जमले नाही तरी वेदना कमी होतात, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले. आपल्या शिमग्यातील भांगेस विलायती औषधालयात स्थान मिळाले ते यामुळे. १८८९ मध्ये तो इंग्लंडात वारला.

पटकीचे सूत्र मात्र याच भूमीत पुन्हा हाती आले. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले. तेव्हा कलकत्त्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली. रोग्याजवळचे नातेवाईक पेल्याने ते पाणी घेत आणि घोट घोट पाजीत. पूर्वी शंभरांत तीसच्या आसपास दगावत. त्या छावणीत हे प्रमाण चारांच्याही खाली आले.