धीर कोठून येतो?



बालपणीच्या आत्मसंयमावर मी बोलणार, हे ऐकून काहींना कीर्तनाची आठवण झाली असेल. माझा आधार मात्र न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराचा आहे. तेथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा मागोवा संशोधकांनी पुढे अनेक दशके घेतला. तीन ते अकरा या वयात पालक, शिक्षक व निरीक्षक यांनी त्यांच्या संयमाची नोंद केली. ती बत्तीस वर्षांची झाल्यावर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष टेरी मॉफिट व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. संयम जितका कमी, तितक्या प्रकृतीच्या, पैशाच्या व व्यसनांच्या अडचणी अधिक. बुद्धी आणि घरची परिस्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध पुसला गेला नाही. ब्रिटनमधील सोळा हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात (२०१५) असंयमी मुलांच्या वाट्याला पुढे बेकारीचे महिने अधिक आल्याचे दिसले.

हे वाचून मी प्रथम सुखावलो. मास्तरकीचा पेशाच तसा! एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'उतावळा, धीर नाही' हा शेरा मी सलग दोन वर्षे लिहिला होता. खाऊ वाटताना त्याचा हात सर्वांआधी पुढे येई. घरी पाच भावंडे, मागे राहील त्याच्या वाट्याला काही उरत नसे, हे मला फार उशिरा कळले.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथला २०१३ सालचा एक छोटा प्रयोग या संदर्भात मला मोलाचा वाटतो. मुले अवघी अठ्ठावीस. निम्म्यांना मोठ्या माणसाने आधी चांगले रंग आणून देण्याचे कबूल केले आणि तो रिकाम्या हाती परतला. उरलेल्यांच्या बाबतीत शब्द पाळला. मग मिठाईपुढे बसवून, थांबल्यास दुसरी मिळेल असे सांगितले. शब्द पाळलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसवली गेलेली तीन. तेव्हा, उतावळेपणा म्हणून आपण ज्याची नोंद करतो, तो काही वेळा अनुभवातून आलेला शहाणपणाही असतो.

तोच मुलगा या ग्रंथालयाच्या बालविभागात येई. हवे ते पुस्तक बाहेर गेलेले असले, तर त्या वेळचे ग्रंथपाल वहीत त्याचे नाव लिहीत आणि पुस्तक परतताच बाजूला काढून ठेवीत. एकदाही चुकले नाहीत. त्यासाठी तो पंधरा-पंधरा दिवस मुकाट्याने थांबे. हे मी याच दाराशी उभा राहून पाहिले. पण तोवर माझा शेरा शाळेच्या दप्तरी जमा झाला होता.