स्कॅग्वेला उतरल्यावर



अलास्काच्या क्रूझला जायचं ठरलं की लोक मला फोन करतात. बरीच वर्षं मी टूर मॅनेजर म्हणून तिकडं गट नेले, तेव्हा फोन येणारच. विचारतात काय, तर थर्मल किती घ्यायचे, जहाजावर वरणभात मिळतो का, बोट लागते का. बंदरात उतरल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न पडतो जहाज धक्क्याला लागल्यावर, आणि तोवर चांगल्या सहलींची तिकिटं संपलेली असतात. म्हणून आज तेवढंच बोलू. सगळी बंदरं घेत बसत नाही. एकच घेतो, स्कॅग्वे.

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर लिन कॅनॉल म्हणून समुद्राचा एक फाटा डोंगरांत खोलवर घुसला आहे. नावात कॅनॉल असला तरी तो माणसानं खणलेला कालवा नव्हे. त्याच्या उत्तर टोकाला हे गाव. कायमची वस्ती बाराशेच्या आसपास. उन्हाळ्यात एकाच दिवशी तीन-चार जहाजं लागली की सोमवतीला जेजुरी भरावी तसं ते भरतं. गावाबाहेर पडणारा रस्ता एकच, आणि तो जातो थेट कॅनडात. राज्याची राजधानी जुनो, पण तिथं जायला रस्ताच नाही. फेरीबोट धरा नाहीतर छोटं विमान. जहाज चुकलं तर ‘टॅक्सी करून पुढच्या बंदरात गाठू’ हा आपला नेहमीचा विचार इथं उपयोगाचा नाही.

तेव्हा आधी तासांचा हिशेब. छापील कार्यक्रमात समजा ‘सकाळी ७ ते रात्री ८’ असं आहे. आपण तेरा तास धरतो. पण उतरायची परवानगी मिळून, नाश्ता करून, रांगेतून धक्क्यावर यायला साडेआठ वाजतात. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा तास तरी आधी असते, आणि त्याआधी एक तास मी स्वतःसाठी राखून ठेवतो. उरले दहा तास. त्यात एक मोठी सहल आणि एक पायी फेरफटका, एवढंच नीट बसतं. ‘पैसे भरलेत तर सगळं बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांना शेवटी बसच्या काचाच जास्त दिसतात.

पहिल्या खेपेला हा घोळ मीच घातला होता. सकाळी हिमनदीवर उतरणारं हेलिकॉप्टर, लगेच दुपारी आगगाडी, अशी दोन तिकिटं काढली. धुकं उतरलं. ‘अजून थोडा वेळ थांबा’ असं ऐकत आम्ही साडेअकरापर्यंत बसलो, मग उड्डाण रद्द. पैसे परत मिळाले, सकाळ मिळाली नाही. हेलिकॉप्टर आणि छोटी विमानं हवेच्या मर्जीवर असतात. ती घ्यायची तर हवा बिघडल्यावर सगळे पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा, आणि त्या दिवसाची सगळी मदार त्यांच्यावर ठेवू नका. हेलिकॉप्टरवाले वजनही विचारतात. ते खरं सांगा, कारण तिथं पुन्हा काट्यावर उभं करतात.

माझं मत विचाराल तर स्कॅग्वेला पैसे खर्च करावेत ते आगगाडीवर. व्हाइट पास अँड यूकॉन रूट तिचं नाव. ती का बांधली हे कळल्याशिवाय तिची मजा कळत नाही. १८९६ मध्ये कॅनडात क्लोंडाइकच्या परिसरात सोनं सापडलं. बातमी फुटल्यावर १८९७-९८ च्या हिवाळ्यात हजारो माणसं या किनाऱ्यावर उतरून डोंगर चढू लागली. कॅनडाच्या पोलिसांनी घाटमाथ्यावर नियम लावला की वर्षभराचा शिधा बरोबर असेल त्यालाच पुढं सोडू. अवजारं, तंबू धरून ते ओझं टनभर भरायचं. थोडं वर न्यायचं, ठेवायचं, खाली यायचं, पुन्हा उचलायचं. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी मेली, म्हणून तिला मेलेल्या घोड्यांची वाट असंच नाव पडलं. गाडीचं काम मे १८९८ मध्ये सुरू झालं आणि जुलै १९०० मध्ये पुरं झालं, तोवर सोन्याची लाट ओसरलीसुद्धा होती! पुढं खनिजांच्या वाहतुकीवर ती चालली, १९८२ मध्ये थांबली आणि १९८८ पासून पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागली.

आपली नेरळ-माथेरान १९०७ ची, रूळ दोन फुटांचे. ही तिच्याहून थोडी थोरली, रूळ तीन फुटांचे. वीस मैलांत समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,९०० फूट चढते. बोगदे, लाकडी पूल, खाली दरीत घोड्यांची ती जुनी पाऊलवाट. माथ्यापर्यंत जाऊन परत यायला तीन तासांच्या आत-बाहेर लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपते, कारण उतरायचंच नसतं.

इथंच एक गोष्ट कान देऊन ऐका. माथ्यावरून परत फिरणारी गाडी वेगळी, आणि पुढं कॅनडात फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत नेणारी गाडी अथवा बस वेगळी. माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी असतात, फोटोही सारखेच. दुसरीला पासपोर्ट लागतो, आपल्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा चालू व्हिसा लागतो, आणि परतताना अमेरिकेत पुन्हा शिरायचं असल्यानं अमेरिकेचा व्हिसाही अनेकदा प्रवेश देणारा हवा. न्यू जर्सी किंवा डॅलसमधली मुलं आईबाबांचं बुकिंग हौसेनं करतात, पण नियम बघतात ते स्वतःच्या अमेरिकन पासपोर्टचे. मुलांना एकदा फोन करून हे विचाराच. माझ्या गटातले सांगलीचे एक काका अशा बसपाशी पोचले तेव्हा त्यांचा पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत होता. ड्रायव्हरनं नम्रपणे त्यांना खाली ठेवलं. चूक काकांची नव्हती, आदल्या रात्री सांगायला मीच विसरलो होतो.

घड्याळाचंही तसंच. अलास्काची वेळ सिएटल-व्हँकुव्हरच्या एक तास मागं आहे. सीमा ओलांडली की फोन आपोआप तासभर पुढं जातो, परतल्यावर पुन्हा मागं येतो, आणि सिग्नल नसेल तर कुठंतरी मध्येच अडकतो. साधं मनगटी घड्याळ न्या, जहाजावर सांगतील ती वेळ त्यात लावा आणि दिवसभर तेच बघा.

सहल जहाजाकडून घ्यायची की स्वतः? जहाजाची महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः ठरवली असेल तर ते थांबेलच असं नाही. माझा हिशेब असा: सीमा किंवा पाणी ओलांडायचं असेल तर जहाजाकडूनच घ्यावी. शेजारचं हेन्स गाव घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथं नदीकाठी अस्वलं मासे पकडायला येतात, म्हणून लोक जातात. बोटीनं पंधराएक मैल, पण रस्त्यानं कॅनडाला वळसा घालून साडेतीनशेहून अधिक. तिथली परतीची बोट चुकली तर काय करणार? माथ्यापर्यंतच्या गाडीचं तिकीट मात्र स्वतः काढायला हरकत नाही. जहाजाकडून घेतलं तर गाडी धक्क्यापाशीच मिळते, स्वतः काढलं तर गावातल्या स्टेशनपर्यंत चालावं लागू शकतं, एवढाच फरक. दोन-तीन महिने आधी काढा, गर्दीच्या दिवशी ऐनवेळी मिळत नाही. सोनं चाळण्याची सहल नातवंडं बरोबर असतील तरच घ्या. कुत्र्यांच्या गाडीत बसायचं असेल तर खाली गावाजवळ उन्हाळ्यात ती चाकांवर धावते. बर्फावरची हवी तर पुन्हा हेलिकॉप्टर आलं.

आता उरलेला वेळ, तो बहुतेक पैसे न मोजता घालवता येतो. जुन्या रेल्वे स्टेशनात राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. हंगामात तिथले रेंजर गाव फिरवून दाखवतात, पैसे घेत नाहीत. ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर एका इमारतीचा दर्शनी भाग किनाऱ्यावर वाहून आलेल्या काटक्यांनी मढवला आहे, आठ हजारांहून जास्त तुकडे. ऑगस्टमध्ये पुलन क्रीक या ओढ्यात सामन मासे उलटे चढताना दिसतात, तेही गावातच.

पाय चांगले असतील तर दोनेक मैलांवरच्या जुन्या दफनभूमीपर्यंत जा. तिथं सोपी स्मिथ नावाच्या भामट्याची कबर आहे. या गृहस्थानं गावात तारऑफिस थाटलं, पाच डॉलर घेऊन घरच्यांना तारा ‘पाठवल्या’. गावात तेव्हा तारेची लाइनच नव्हती. ८ जुलै १८९८ रोजी धक्क्यावरच्या गोळीबारात तो मारला गेला. त्याच्याशी भिडलेला फ्रँक रीडही पुढं बारा दिवसांनी गेला, त्याची कबरही तिथंच. मागं छोटा धबधबा आहे, त्याला रीडचंच नाव दिलंय.

ब्रॉडवेवर दागिन्यांची दुकानं ओळीनं आहेत. जहाजावर खरेदीबद्दल जे भाषण होतं त्यात ज्यांची शिफारस होते, ती बहुधा त्या जाहिरातीचे पैसे मोजतात. बरीच दुकानं हंगामापुरती उघडतात, तक्रार घेऊन ऑक्टोबरनंतर कुठं जाणार? बघा जरूर, पण सोनं आपल्या सराफाकडंच घ्या.

गाडीचं तिकीट काढलंत तर चढताना डावीकडच्या खिडकीशी बसा, दरी त्या बाजूला आहे. माथ्यावर इंजिनं दुसऱ्या टोकाला जोडतात, तेव्हा पलीकडच्या बाकावरच्यांशी जागा बदलायला सांगतात, म्हणजे परतताना दरी त्यांना दिसते. ती जागा कुरकुर न करता द्या.