नावाची पाटी

हजेरी घेताना एखाद्या मुलाचे नाव चुकले तर तो झटकन उभा राहतो. "गुरुजी, माझं नाव ते नव्हे!" तैवान बेटावरच्या खेळाडूंची गोष्ट काहीशी अशीच आहे.

चीनमधल्या यादवी युद्धात हरलेले च्यांग कै-शेक यांचे सरकार १९४९ साली या बेटावर आले आणि खरा चीन आम्हीच, असे म्हणू लागले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पथकाला 'फॉर्मोसा' या नावाने चालावे लागले. फॉर्मोसा म्हणजे तैवानच. पोर्तुगिजांनी दिलेले नाव. पण स्वतःला चीन म्हणविणाऱ्यांना ते कसे रुचावे? संचलनात त्यांनी 'निषेधपूर्वक' असा फलक धरला. त्याच ऑलिंपिकमध्ये दशस्पर्धेत यांग चुआन-क्वांग याने रौप्यपदक मिळविले. हा गडी बेटावरच्या आमिस या आदिवासी जमातीचा! त्याला कोणते नाव हवे, हे कुणी विचारले असेल असे मला तरी वाटत नाही.

१९८१ साली तडजोड होऊन 'चिनी तैपेई' हे नाव ठरले, झेंडाही निराळा. आता पाहा, तेव्हा जे नाव नको होते, तेच आज तिथल्या पुष्कळांना हवे आहे. २०१८ साली त्यासाठी सार्वमत झाले. नाव बदलाल तर खेळता येणार नाही, असा इशारा ऑलिंपिक समितीने आधीच दिला होता. ठराव पडला.

टोकियोत २०२१ साली बॅडमिंटनच्या दुहेरीत तैवानच्या जोडीने चिनी जोडीला हरवून सुवर्णपदक घेतले. वर चढला तो तडजोडीचा झेंडा. जोडीतल्या ली यांगने मात्र हे पदक 'माझ्या देशाला, तैवानला' अर्पण केल्याचे लिहिले.