गाठीवर मलम लावण्याआधी

कोगनोळी-निपाणी भागात कातडीवर काही उठलं की पहिला संशय तंबाखूवर जातो. वखारीतल्या धुळीनं खाज सुटते, हे खरंच. आज मी बोलणार आहे ती गाठ वेगळी. लालसर-जांभळी, बहुधा न दुखणारी, काही आठवड्यांत वाढणारी, कधी फुटून जखम होणारी.

अशी गाठ लिम्फोमाची असू शकते, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची. तो बहुतेकदा मानेतल्या, काखेतल्या गाठींत दिसतो. काही आक्रमक प्रकार, विशेषतः टी-पेशींचे, कातडीतही उतरतात. क्वचित तिथंच सुरू होतात. सोबत ताप, रात्रीचा दरदरून घाम, वजन घटणं असेल तर थांबू नका. आजार दुर्मिळ आहे, प्रत्येक गाठीला घाबरायचं कारण नाही. आणि तंबाखूला कधी न शिवलेल्यालाही तो होतो.

माझा राग आहे तो मलमांवर. गजकर्णासाठी दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब घरात असतेच, तीच गाठीवर चोळतात. 2018 साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच! स्टेरॉइडनं, त्यातही गोळ्या-इंजेक्शनांनी, लिम्फोमाची गाठ काही काळ बसते. नेमका तेव्हा तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला तर रोग सापडेलच असं नाही. म्हणून काय काय घेतलंत ते डॉक्टरांना सांगा. चालू गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

जागा बधिर करून तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढतात, गाठ खोल असेल तर जरा मोठा. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. तुकड्यावरून लिम्फोमाच्या पेशी बी प्रकारच्या की टी प्रकारच्या ते कळतं आणि औषध त्यावर ठरतं. रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशींच्या लिम्फोमात देतात, टी-पेशींच्या आजारात सहसा नाही. नुसती गाठ कापून आक्रमक लिम्फोमा जात नाही, केमो लागते.

उपचारासाठी तुम्हाला कोल्हापूरही जवळ, बेळगावही. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकचं असेल तर महाराष्ट्रातल्या रुग्णालयात चालतं का, हे भरती होण्याआधी विचारा. पुढं मुंबईला टाटा रुग्णालयात जायचं झालं तर रिपोर्टाबरोबर तुकड्याचा मेणातला ब्लॉकही मागून घ्या. तो असला की बहुतेक वेळा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही.