अभिजात ग्रंथ कोणता?



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेस दर्जा सरकार देते. ग्रंथास तो कोणी द्यावयाचा? पंडितांनी, असे सामान्यतः म्हणतात. मला ते पटत नाही.

वाकडकरांस आळंदी दूर नाही, म्हणून ज्ञानेश्वरीचेच उदाहरण घेतो. ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे ती हातांनी उतरविली जात राहिली. नकला करणाऱ्यांनी शब्द बदलले, भाविकांनी पदरच्या ओव्या घातल्या. अखेर शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही दिली! ज्या ग्रंथास कोणी हात लावीत नाही त्याचा पाठ बिघडत नाही. त्यास वाळवी तेवढी लागते. वापराने मळलेला, तरी जाणत्यास पुन्हा स्वच्छ करून घ्यावासा वाटलेला ग्रंथ तो अभिजात, अशी माझी समजूत आहे.

आता आपली घरे पाहा. शेतांच्या जागी इमारती उठल्या. नव्या सदनिकेतही पोथी देव्हाऱ्यात असते. तिला फूल वाहतात, तिचे वस्त्र मात्र सोडीत नाहीत. नातवंडांस जुनी मराठी कळत नाही, ही अडचण खरी; परंतु सार्थ प्रती मिळतात. बारावा अध्याय आटोपशीर आहे, तेथून आरंभ करावा. रोज पाच ओव्या पुरेत. शब्द अडल्यास मुलांना माझ्याकडे पाठवावे. दुपारी मी घरीच असतो.