‘स्पॉन्सर’ या शब्दाचा अर्थ आणि आपली जबाबदारी

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या फलकापासून परदेशी विद्यापीठाच्या अर्जापर्यंत ‘स्पॉन्सर’ हा शब्द आज आपल्याला भेटतो. आपण त्याला प्रायोजक म्हणतो आणि ‘पैसा देणारा’ एवढाच अर्थ घेतो. हा अर्थ अपुरा आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘स्पाँडेरे’ म्हणजे विधिपूर्वक वचन देणे. रोमन कायद्यात दुसऱ्यासाठी जामीन राहणाऱ्यास ‘स्पॉन्सर’ म्हणत. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या वतीने वचन देणाऱ्यासही हाच शब्द लागला. विसाव्या शतकात रेडिओ कार्यक्रमाचा खर्च उचलून जाहिरात करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना तो चिकटला आणि दूरदर्शनच्या ‘प्रायोजित’ मालिकांतून आपल्या घरात आला. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. आपल्या ‘जबाबदारी’तही ‘जबाब’ आहेच.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अर्जागणिक या शब्दाचा अर्थ बदलतो. एम.टेक.च्या प्रवेशात ‘स्पॉन्सर्ड’ उमेदवार म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेने शिकण्यास पाठविलेला. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसात ‘स्पॉन्सर’ म्हणजे प्रवेश देणारी शिक्षणसंस्था. इतर अनेक अर्जांत तो खर्च उचलणारा, मग ते वडील असोत वा बँक. म्हणून रकाना भरण्यापूर्वी सूचना वाचा.

शासन याच शब्दासाठी ‘पुरस्कृत’ म्हणते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही ‘केंद्र पुरस्कृत’ योजना आहे. तिची सुरुवात १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना झाली. २०२०-२१ पासून तिच्या खर्चात सर्वसाधारणपणे केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. ‘पुरस्कृत’ या शब्दावरून कोणी हा उपकार समजू नये. हा आपला हक्क आहे. मुदतीत अर्ज भरून तो घेतलाच पाहिजे.

आता प्रायोजकाचे मोठे उदाहरण पाहू. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्याबद्दल बडोदा संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार झाला. वचन दोन्ही बाजूंचे होते. करार पाळण्यासाठी बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास रुजू झाले. परंतु कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही! नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. शिकायला पैसा मिळाला, पण शिकलेल्या माणसाला उभे राहायला जागा मिळाली नाही. हमी अर्ध्यावर तुटली की काय होते, ते यावरून समजावे. १९२० साली शाहू महाराजांनी ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले. त्या पैशाने मुक्यांना वाचा मिळाली. असे साहाय्य खरे.

दान देणाऱ्याने नाव लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी ज्या पैठणहून येते, तेथील गंधिक कुळातल्या मितदेवाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यात एका खांबाचे दान दिले. त्याचे नाव शिलालेखात आहे. परंतु त्या नावामागे खांब आहे! आपल्या फलकांवरील नावांमागे काय आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

म्हणून नोकरदार बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. एका दिवसाच्या मंडपाऐवजी एका विद्यार्थ्याचे प्रायोजक व्हा. त्याची फी, खोलीचे भाडे, दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा, परीक्षेत नापास झाला तर धीर, हे सारे त्याच्या पदवीपर्यंत अंगावर घ्या. आणि विद्यार्थी मित्रहो, मदत घेताना किती, कोठवर आणि कोणत्या अटीवर, हे लेखी विचारा. तसे विचारण्यात कृतघ्नपणा नाही. उद्या पायावर उभे राहिलात की आपल्या वस्तीतील एका मुलीसाठी किंवा मुलासाठी जामीन राहा. या शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे.

जय भीम!